खिळा उपटण्याची विद्या



मराठीत बारीक खिळ्याला 'चूक' म्हणतात. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'अर्धा किलो चुका द्या' असे म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही. दुकानदार मुकाट्याने पुडी बांधून देतो. ही चूक आणि माणसाच्या हातून घडते ती चूक यांचे नाते काय, या वादात आम्ही शिरत नाही. पण दोहोंचा एक गुण मात्र सारखा आहे. ठोकताना एका फटक्यात काम होते, आणि काढताना घाम फुटतो.

या व्याख्यानमालेत आजवर आपण मोठमोठ्या विषयांवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे ऐकली आहेत. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, रात्रीच्या दिव्याखाली. तेव्हा साम्राज्ये आणि तत्त्वज्ञाने यांवर बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु खिळे उपटण्याच्या हत्यारांविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्ही सांगू शकतो, कारण आयुष्यातील पहिली पाच वर्षांची मजुरी आम्ही त्याच कामावर मिळवली. इतिहासात खिळा ठोकणाऱ्याचे नाव क्वचित का होईना आढळते. उपटणाऱ्याचे आढळत नाही. म्हणून आज त्याची बाजू मांडावी असा विचार आहे.

मुंबईत गोदीच्या आसपास पूर्वी खोक्यांचे कारखाने पुष्कळ होते. परदेशातून यंत्रे, काच, औषधे लाकडी खोक्यांतून येत. रिकामी खोकी लिलावात विकत घ्यायची, ती मोडायची, खिळे काढायचे, फळ्या साफ करायच्या आणि त्याच फळ्यांची नवी खोकी बांधायची, असा तो धंदा. वयाच्या सोळाव्या वर्षी आम्ही अशाच एका कारखान्यात लागलो. बारा-तेरा माणसे, वर पत्रा, खाली माती आणि मातीत खिळे. काम नगावर असे. जितकी खोकी मोडाल तितके पैसे. तेथे एक वृद्ध सुतार होते, रत्नागिरीकडचे. त्यांना सारे तात्या म्हणत. पहिल्या दिवशी आम्ही हातोडीने खिळ्याशी झटापट करीत होतो, ते पाहून ते म्हणाले, "पोरा, खिळ्याशी भांडू नकोस. त्याला टेकू दाखव, तो आपण होऊन वर येतो." पदार्थविज्ञानाचा आमचा पहिला धडा तो.

टेकू म्हणजे काय हे आधी नीट पाहू, म्हणजे पुढचा इतिहास समजेल. खिळा लाकडात शिरतो तेव्हा तो लाकडाचे तंतू कापतो थोडे आणि बाजूला दाबतो फार. ते दाबलेले तंतू खिळ्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. खिळा टिकतो तो या आवळण्यामुळे. त्याला वर खेचायचे तर हे सारे घर्षण एकदम मोडावे लागते, आणि नुसत्या बोटांचे ते काम नव्हे. येथे तरफ उपयोगी पडते. मागे दोन नखे असलेली जी हातोडी असते, तिची नखे खिळ्याच्या डोक्याखाली घालून दांडा आपल्याकडे ओढला की हातोडीचा माथा फळीवर टेकतो. तोच टेकू. टेकूपासून खिळा दीड इंच आणि टेकूपासून आपला हात बारा इंच असेल, तर बळ आठपट होते. हाताने वीस किलोंचा जोर दिला तर खिळ्यावर एकशेसाठ किलोंची ओढ बसते. मात्र दांडा जसजसा कलतो तसतसे टेकू आणि खिळा यांतले अंतर वाढते, ओढ कमी पडू लागते आणि खिळा वाकतो. म्हणून जाणता कारागीर खिळा अर्धा वर आला की हातोडीच्या माथ्याखाली लाकडाचा एक ठोकळा सरकवतो. त्या ठोकळ्याने खिळा सरळ निघतो आणि फळीलाही खड्डा पडत नाही. असा ठोकळा कोणी विकत घेत नाही, कामातल्या लाकडाचाच तुकडा उचलतो. पण अर्धी विद्या त्याच्यात आहे.

ही विद्या जुनी आहे. अरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेला, पण बहुधा त्याच्या शिष्यपरंपरेतील कोणी लिहिलेला यंत्रविषयक प्रश्नांचा एक ग्रीक ग्रंथ आहे. त्यात असा एक प्रश्न विचारला आहे की, वैद्याला दात उपटताना हाताच्या बोटांपेक्षा चिमट्याने सोपे का जाते? चिमट्याचे वजन तर उलट वाढलेलेच असते. उत्तर असे दिले आहे की, चिमटा म्हणजे एकाच टेकूवर समोरासमोर ठेवलेल्या दोन तरफा होत. शिवाय त्या ग्रंथकाराच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली होती. चिमट्याचे खरे काम दात हलवण्याचे. एकदा हलला की तो हातानेही निघतो. खोकी मोडणाऱ्या कोणत्याही मजुराला हे विचारा. पहिल्या सुताभर हालचालीला जो जोर लागतो तो पुढच्या दोन इंचांना लागत नाही. त्या वेळी जो 'चर्र' असा आवाज निघतो, त्यावरूनच खिळा सुटला की नाही हे कळते.

आता रोमन लोकांकडे वळू. नखांची हातोडी ही त्यांच्या काळात पूर्ण तयार झालेली दिसते. जर्मनीत आणि इतरत्र रोमन छावण्यांच्या जागी ज्या लोखंडी वस्तू सापडल्या, त्यांत अशा हातोड्या आहेत, आणि आजच्या सुताराच्या हातात त्या दिल्या तर त्याला परक्या वाटणार नाहीत. परंतु खिळ्याची खरी किंमत रोमन लोकांना काय वाटत होती, याचा पुरावा निराळ्याच ठिकाणी मिळाला. स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या काठी इंचटुथिल नावाच्या जागी रोमन सैन्याने इसवी सन 83 च्या सुमारास एका संपूर्ण लीजनसाठी लाकडी किल्ला बांधावयास घेतला. तीन-चार वर्षांतच दूर डॅन्यूब नदीकडे सैन्याची गरज पडली आणि काम पुरे होण्याच्या आतच किल्ला सोडण्याचा हुकूम आला. शिपायांनी किल्ला जाळून पळ काढला नाही. त्यांनी तो शिस्तीने उतरवला. लाकूड सुटे केले, काचेची आणि मातीची भांडी फोडून टाकली. इयान रिचमंड यांनी 1952 ते 1965 या काळात तेथे उत्खनन केले, तेव्हा उपटताना वाकलेले खिळे त्यांना जमिनीत मिळाले. आणि 1960 साली कारखान्याच्या इमारतीखालच्या एका खड्ड्यात, मातीच्या जाड थराखाली, त्यांना सुमारे पावणेनऊ लाख खिळ्यांचा साठा सापडला. बोटाएवढ्या खिळ्यांपासून हातभर लांबीच्या खिळ्यांपर्यंत.

एवढे लोखंड वाहून नेणे शक्य नव्हते, आणि मागे ठेवणे धोक्याचे होते. आसपासच्या टोळ्यांच्या हाती ते पडले असते तर त्यांच्या तलवारी आणि भाले झाले असते. म्हणून ते पुरून वरून जागा अशी सपाट केली की पावणेएकोणीसशे वर्षे कोणाला पत्ता लागला नाही. बाहेरच्या खिळ्यांना गंज चढून त्यांचे एक कवच झाले आणि त्या कवचाने आतले खिळे राखले. आतले कित्येक नव्यासारखे निघाले. पुढे अणुशक्तीच्या कामातला टाकाऊ भाग लोखंडी पात्रांत घालून जमिनीत पुरला तर लोखंड किती टिकेल, याचा विचार करताना शास्त्रज्ञांनी याच खिळ्यांचा अभ्यास केला. ज्या शिपायांनी त्या रात्री किंवा त्या आठवड्यात ते खिळे मोजून खड्ड्यात टाकले, त्यांना याची कल्पनाही नसेल.

यावरून एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लोखंड हाताने ठोकून एकेक खिळा घडवण्याच्या काळात खिळा ही टाकून देण्याची वस्तू नव्हती. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या वसाहतीत तंबाखूने जमीन निकस झाली की मळेवाले जुने घर सोडून पुढे जात, आणि जाताना घराला आग लावून राखेतून खिळे वेचून नेत. म्हणजे खिळे उपटण्याचे सर्वांत स्वस्त हत्यार तेव्हा आग हे होते! अखेर 1645 साली तेथे कायदा झाला की, सोडलेले घर कोणी जाळू नये. त्या घरात जितके खिळे असतील असे दोन निःपक्षपाती माणसे ठरवतील, तितके खिळे मालकाला सरकारी खर्चाने द्यावेत. घरापेक्षा खिळ्यांचा लोभ मोठा ठरला, म्हणून हा कायदा करावा लागला.

जेथे लोखंडच नव्हते तेथे काय झाले तेही पाहा. 1767 साली कप्तान सॅम्युएल वॉलिस याचे 'डॉल्फिन' नावाचे इंग्रजी जहाज ताहिती बेटावर पोचले. बेटवासीयांना लोखंड फार मोलाचे वाटले. खलाशांना हे कळताच त्यांनी बेटावरच्या स्त्रियांच्या सहवासाच्या मोबदल्यात खिळे देण्यास आरंभ केला. जवळचे संपले तेव्हा ते जहाजाचेच खिळे उपटू लागले. झोपण्याचे झोळणे ज्या खिळ्यांना बांधत तेही गेले आणि पुष्कळांना डेकवर उघड्यावर निजावे लागले. जहाजावरच्या सुताराने वर्दी दिली तेव्हा कुठे वरिष्ठांचे डोळे उघडले. हा प्रसंग पुस्तकांतून बहुधा विनोदाने सांगितला जातो. आम्हाला त्यात विनोद कमी दिसतो. एका बाजूला भुकेलेले खलाशी, दुसऱ्या बाजूला लोखंडासाठी पुढे केलेल्या बायका, आणि मध्ये एक उपटलेला खिळा.

आपल्या बाजूचा समुद्र याला बराचसा अपवाद होता. अरबी समुद्रातली पुष्कळ गलबते मध्ययुगात खिळ्यांनी जोडलेली नसत, काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. मार्को पोलो याने होर्मुझ येथे अशी जहाजे पाहिली आणि त्याला ती धोक्याची वाटली. पण शिवलेल्या जहाजाची फळी बदलायची तर दोरी उसवली की काम झाले. तेथे कटावणी लागत नाही आणि लाकूडही फाटत नाही. आपल्या जुन्या वाड्यांतही लाकडात लाकूड अडकवून वर लाकडी खुंटी मारण्याची रीत होती. जो जोडतो त्यानेच सोडवण्याची सोय करून ठेवावी, हा विचार त्यात होता.

खिळा महाग का होता, याचे उत्तर ज्यांनी तो घडवला त्यांच्याकडे मिळते. ॲडम स्मिथ याचा 'राष्ट्रांची संपत्ती' हा ग्रंथ 1776 साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने खिळ्यांचे उदाहरण दिले आहे. ज्या लोहाराला खिळ्यांची सवय नाही तो दिवसाला दोनशे-तीनशे खिळे काढील, तेही वाईट. ज्याला सवय आहे पण तो त्याचा मुख्य धंदा नाही, तो आठशे ते हजार. आणि ज्यांनी दुसरे कोणतेही काम केले नाही अशी वीस वर्षांच्या आतली पोरे त्याने पाहिली, ती मन लावून दिवसाला तेवीसशेहून अधिक खिळे करीत. स्मिथने हे श्रमविभागणीचे कौतुक म्हणून लिहिले. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा मनात आले की, ज्याने दुसरे काहीच काम केले नाही त्या पोराचे पुढे काय झाले? त्याच ग्रंथात स्मिथ सांगतो की, स्कॉटलंडमधल्या एका गावी मजूर पैशांऐवजी खिळे घेऊन पाववाल्याकडे आणि दारूच्या गुत्त्यावर जात असे. मजुरी खिळ्यांत मिळते आणि भाकरीही खिळ्यांत मोजली जाते, असे ते दिवस.

त्याच 1776 साली अमेरिकेत थॉमस जेफरसन याने स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे तो जाहीरनामा सांगतो. याच जेफरसनने 1794 साली माँटिसेलो येथील आपल्या मळ्यावर खिळ्यांचा कारखाना काढला. त्यात दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुले भट्टीपुढे उभी राहून दिवसाला आठ ते दहा हजार खिळे घडवीत. तात्यांच्या हाताखाली आम्ही सोळाव्या वर्षी खिळे काढू लागलो. ही मुले त्या वयाची होईपर्यंत त्यांची सहा वर्षे खिळे घडवण्यात गेलेली असत, आणि संध्याकाळी घरी न्यायला त्यांना मजुरी नव्हती.

पुढे यंत्रे आली. जेकब पर्किन्स याने 1795 साली लोखंडी पट्टीतून खिळे कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापलेला खिळा चपटा आणि खाली निमुळता असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलादी तारेचा गोल खिळा आला. अमेरिकेत 1886 साली तारेचे खिळे शेकडा दहा होते; 1892 पर्यंत ते कापीव खिळ्यांच्या पुढे गेले आणि 1913 साली शेकडा नव्वदांवर पोचले. खिळा स्वस्त झाला. आता तो वाचवण्यासाठी कोणी घर जाळीना.

मग खिळे उपटण्याचे हत्यार निकामी झाले काय? उलट, त्याचे प्रकार वाढले. कारण आता खिळ्याऐवजी फळी वाचवायची होती, गालिचा वाचवायचा होता, आणि मालकाच्या दृष्टीने सर्वांत महाग असा वेळ वाचवायचा होता. शिवाय निमुळता खिळा एकदा थोडा वर आला की चहूबाजूंनी सुटा होतो, पण तारेचा खिळा वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा असल्यामुळे शेवटच्या इंचापर्यंत लाकूड त्याला धरून ठेवते. त्याला लांब ओढ लागते. गोदामांत माल खोक्यांतून येऊ लागला, तेव्हा खोके न फोडता उघडण्यासाठी सरकत्या मुठीची भारी पकड निघाली. तिचे दोन जबडे खिळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवायचे, वरची जड मूठ दणकन खाली आदळायची की जबडे लाकडात घुसून डोक्याखाली पकड घेतात, आणि मग बाजूच्या टाचेवर दांडा कलता केला की खिळा वर येतो. डोके लाकडात बुडालेल्या खिळ्यासाठी आखूड, वाकड्या तोंडाची एक कटावणी निघाली. इंग्रजीत तिला 'मांजराचा पंजा' असे नाव आहे. घोड्याचा नाल काढण्याची नालबंदाची पकड तर याहून जुनी.

बारीक चुकांची कथा वेगळी. त्या काळी इंग्लंड-अमेरिकेतल्या मध्यम वर्गाच्या घरांत गालिचा जमिनीला चुका ठोकून बसवीत. दर वसंतात तो उचलून अंगणात झोडपायचा आणि पुन्हा ठोकायचा असा रिवाज होता. त्यासाठी शेकडो चुका एकेक करून काढाव्या लागत. म्हणून लहान दुबोटी टोक, किंचित वाकलेली मान आणि लाकडी मूठ असे एक साधे हत्यार घरोघर आले. खुर्च्या मढवणाऱ्या कारागिरांनीही तेच वापरले. हे कारागीर चुका तोंडात धरून जिभेने एकेक पुढे करीत आणि लोहचुंबकी हातोडीच्या टोकाने उचलून ठोकीत. म्हणून त्यांच्यासाठी जंतुविरहित केलेल्या चुका पुड्यांतून विकल्या जात. मालकांनी ही काळजी घेतली हे चांगले केले; पण चूक ज्याच्या घशात गेली त्याचे काय, हे त्या पुडीवर लिहिलेले नसे.

नखांच्या हातोडीलाही एक जुना दोष होता. ठोकताना हातोडीचा माथा दांड्यावर घट्ट बसतो. पण उपटताना सारी ओढ उलट्या बाजूने येते, माथा सैल होतो आणि एखादे वेळी निसटून उडतो. न्यूयॉर्क राज्यातील नॉर्विच गावचा लोहार डेव्हिड मेडोल याने 1840 च्या सुमारास यावर तोड काढली. वाकसाला दांडा बसवण्याचे भोक लांब असते, तसे लांब नळीसारखे भोक त्याने हातोडीला ठेवले. दांड्याला धरायला जागा मिळाली आणि माथा हलेनासा झाला. त्याची कथा जेम्स पार्टन याने 1884 च्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे. गावात देऊळ बांधायला परगावचे सहा सुतार आले. त्यांतला एक आपली हातोडी घरी विसरला होता, म्हणून त्याने मेडोलकडून एक करून घेतली. दुसऱ्या दिवशी उरलेले पाचही जण त्याच्या दारात उभे. मग ठेकेदार आला, मग व्यापारी. पुढे 1923 साली अर्न्स्ट एस्टविंग याने माथा आणि दांडा एकाच पोलादाचा करून तो प्रश्नच मिटवला. पण आमच्या मते या कथेत महत्त्वाचा माणूस तो पहिला सुतार आहे. चांगले हत्यार कोणते, हे व्यापाऱ्याच्या आधी वापरणाऱ्या हाताला कळते.

येथे आमच्या चळवळीला कडू वाटणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. मॅसेच्युसेट्समधील लिन हे बुटांचे शहर. बूट करताना कातडे कलबुतावर ताणून बसवावे लागते. ते काम करणारा कारागीर एका हातातल्या पकडीने कातडे खेचतो, घडी पाडतो, चूक मारतो, आणि नंतर तात्पुरत्या मारलेल्या चुका त्याच पकडीने उपटतो. ही पकड म्हणजे चिमटा, हातोडी आणि तरफ एकत्र. हे काम यंत्राला कधीच साधणार नाही, असा त्या कारागिरांचा ठाम समज होता. त्यांची संघटना बळकट होती, मजुरी चांगली होती. त्याच शहरात 1877 साली यान मॅट्झेलिगर नावाचा, डच गियानात जन्मलेला एक काळा तरुण आला. दिवसा बुटांच्या कारखान्यात काम, रात्री इंग्रजी आणि पदार्थविज्ञानाची पुस्तके. सिगारेटच्या नव्हे, सिगारच्या खोक्यांची लाकडे, तारा आणि खिळे जमवून त्याने कारागिराच्या पकडीची हालचाल करणारे यंत्र जुळवले. 20 मार्च 1883 रोजी त्याला पेटंट मिळाले. हाताने दहा तासांत पन्नासेक जोड होत. यंत्राने दीडशेपासून सातशेपर्यंत होऊ लागले. बूट स्वस्त झाले. कारागिरांचा मान गेला. आणि मॅट्झेलिगर 1889 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षात, क्षयाने वारला. त्या यंत्राची खरी संपत्ती दुसऱ्यांनी भोगली.

आमचे कित्येक सहकारी ही गोष्ट ऐकून विचारतात, 'हा माणूस कामगारांचा मित्र की शत्रू?' आम्ही त्यांना सांगतो की, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारता आहात. त्याने रात्री जागून पकडीचे कोडे सोडवले. त्या सोडवणुकीचा वाटा पकड धरणाऱ्या हातांना मिळावा की नाही, हे मात्र त्याने ठरवले नव्हते. ते ज्यांनी ठरवले, त्यांच्याशी भांडण होते. आपल्या कामाचे यंत्र होणारच नाही, या भरवशावर बसलेली संघटना त्या भांडणाला तयार नव्हती, हाही धडा त्यातच आहे.

आता शेवटी खोक्यांच्या कारखान्याकडे परत येतो. 1988 साली तेथे एक अपघात झाला. आमच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असलेला एक सोबती जाड, गंजलेला खिळा काढीत होता. कटावणी आखूड होती. जोर पुरेना, म्हणून सगळे करीत तसे त्याने कटावणीच्या दांड्यावर पाण्याची नळी चढवली. दांडा दुप्पट झाला, बळ दुप्पट झाले, आणि खिळ्याचे डोके तुटून थेट त्याच्या डोळ्यात गेले. एका डोळ्याची दृष्टी गेली.

मालकाने सांगितले, चूक कामगाराची. कटावणीला नळी लावू नये, असा हुकूम होता म्हणे. त्या वेळी 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा लागू होता. त्यात नुसता निष्काळजीपणा ही सबब चालत नसे. पण कामगाराने सुरक्षिततेसाठी दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडला असे ठरले, तर मृत्यूखेरीज इतर इजेची भरपाई नाकारता येई. मालकाने नेमका तोच रस्ता धरला. युनियनचे एक वयस्क कार्यकर्ते आमच्याकडे आले. त्यांनी साक्ष दे असे सांगितले नाही. ते म्हणाले, "तू रोज हेच काम करतोस ना? मग मला हत्याराची मापे आणून दे."

आम्ही तात्यांकडे गेलो. त्यांनी कारखान्यातली कटावणी मोजली, खिळे मोजले, आणि खोक्याच्या एका फळीत तसाच खिळा ठोकून दिला. सुनावणीला आम्ही पिशवीतून कटावणी, नळी आणि ती फळी घेऊन गेलो. आमचे म्हणणे साधे होते. एवढ्या आखूड कटावणीने हा खिळा निघत नाही. नळीवाचून जितकी खोकी मोडता येतात तितक्यांच्या मजुरीवर पोट भरत नाही. आणि नळ्या कारखान्यातच, कटावण्यांच्या शेजारी, खुंटीला टांगलेल्या असतात. हुकूम खरा असता तर नळी खुंटीवर नसती. चष्मा तर कोणालाच दिलेला नव्हता. अधिकाऱ्याने फळी हातात घेतली, आखूड कटावणीने स्वतः जोर करून पाहिला आणि ती टेबलावर ठेवली. भरपाई मंजूर झाली. कायद्याच्या परिशिष्टात एका डोळ्याच्या दृष्टीची किंमत कमाईच्या शक्तीपैकी शेकडा तीस अशी लिहिलेली होती. तेवढीच मिळाली. डोळा गेला तो गेलाच. पण 'चूक तुझी' हा जो खिळा त्या माणसाच्या नावावर ठोकला होता, तो निघाला. त्यानंतर त्या कारखान्यात लांब दांड्याच्या चार कटावण्या आल्या आणि चष्मे आले. आम्ही युनियनमध्ये गेलो, आणि वाचू लागलो.

पुढे 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. कंटेनरांचे युग आले, लाकडी खोकी कमी झाली, तो कारखानाही बंद पडला. काम मात्र संपले नाही. आज माल लाकडी पॅलेटांवर येतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात त्यांचे लाकूड कीड मारण्यासाठी तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो. मोडकी पॅलेटे सुटी करून दुरुस्त करणारी पोरे तशीच खिळे काढत बसलेली असतात. जुन्या चाळी आणि गिरण्या पाडल्या तेव्हा त्यांतले सागवान बाजारात गेले. त्या लाकडात राहिलेला एक खिळा करवतीचे पाते फोडतो, म्हणून करवतीआधी माणूस बसतोच. दोन हजार वर्षांत हत्यार सुधारले, खिळा स्वस्त झाला. उपटणारा मात्र बहुतेक वेळा रोजंदारीवरच राहिला.

म्हणून जाता जाता एक विनंती. आपल्या घरची जुनी खुर्ची, मोडके कपाट भंगारवाल्याला देताना वर आलेले खिळे काढून टाका. ते जमत नसेल तर हातोडीने वाकवून तरी टाका. त्याला दोन मिनिटे लागतात. तो खिळा ज्याच्या तळपायात शिरेल, त्याला धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, आणि त्याला आपले नाव ठाऊक नसते.

तात्या आज नाहीत. त्यांनी आम्हाला दिलेला तो लाकडी ठोकळा आमच्याकडे आहे. एका बाजूने हातोडीच्या माथ्याने दबून त्याला चांगला खोलगटपणा आला आहे.